आतला पॅड

माळशेज घाट अर्धा उतरलो असू, तेव्हा पुढच्या उजव्या चाकातून 'खर्र खर्र' असा आवाज यायला लागला. जात्यात खडा यावा तसा. ब्रेक दाबला की आवाज वाढायचा आणि गाडी डावीकडे ओढ घ्यायची. २०२४ सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. मुरबाडला पुतणीचा मंगल परिणय होता. आत्याला ओतूरहून बरोबर घ्यायचे म्हणून आम्ही निगडीहून चाकण, नारायणगाव, ओतूर असा रस्ता धरला होता. गाडीत आठ माणसे. मी, सौ., आत्या, गाडी चालवणारा धाकटा मुलगा, त्याची बायको, तिच्या मांडीवर दीड वर्षाचे पोर आणि मागच्या बाकावर दोन भाचरे.

"अरं, चाकात काही अडाकलंय का?" आत्याने विचारले. धाकटा काही बोलला नाही. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळताना मला शेजारून दिसत होता.

मी म्हणालो, "घाबरू नकोस. ब्रेक धरून ठेवू नको. गिअर उतरव. दुसरा टाक, मग पहिला."

एका रुंद जागी गाडी थांबवली. मागच्या चाकांना दगड लावले. पुढच्या चाकाजवळ हात नेला, तर तापलेल्या तव्यासारखी झळ आली, आणि लोखंड जळाल्याचा वास. थोड्या वेळाने कल्याणकडे जाणारी एसटी आली, तिला हात केला आणि बायकापोरांना तिच्यात बसवून दिले. एसटीच्या खिडकीतून सौ. माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर मी अजून विसरलो नाही. मग आम्ही बापलेक पहिल्या गिअरमध्ये, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, उरलेला घाट उतरलो. तेवढ्या वेळात एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

घाट उतरणे म्हणजे काय, याचा हिशेब आपण कधी करीत नाही. समजा, माणसांसकट दोन टनांची गाडी पाचशे मीटर खाली उतरली. तेवढ्या उतारात जी शक्ती मोकळी होते, तिची सगळी उष्णता केली, तर तीस लिटर पाणी उकळेल. मोठा बंबभर पाणी म्हणा! खालचा गिअर टाकला तर त्यातला मोठा वाटा इंजिन अंगावर घेते. न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये, नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली, तर ती सारी उष्णता हाताच्या पंजाएवढ्या चार पॅडांवर आणि मागच्या दोन ड्रमांवर येते. 'ज्या गिअरमध्ये चढशील, त्याच गिअरमध्ये उतर' असे जुने ट्रकवाले सांगतात, ते उगाच नाही.

आता लाज वाटावी अशी गोष्ट सांगतो. मी ब्रेकच्याच धंद्यातला माणूस. १९८७ सालापासून सोळा वर्षे भोसरीच्या एका शेडमध्ये ट्रकच्या ब्रेक-शूला लायनर बसवायचे काम केले. शेडला टाळे लागल्यावर पुढे वॉचमनकी केली. गाडी दोन भावांनी मिळून जुनी घेतली, २०२१ साली, साडेतीन लाखांना. ती कोणत्या कंपनीची हे मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच. ज्या पिंपरीतून १९९४ साली टेल्कोची सुमो बाहेर पडली आणि जिथून चाकणला जाताना नव्या कोऱ्या गाड्या लादलेले कंटेनर रोज आडवे येतात, त्या गावात आपल्यासारख्यांच्या दारात गाडी येते ती बहुधा दुसऱ्याच्या हातून उतरलेली. तिचा मागचा इतिहास कागदावर नसतो. तो चाक उघडल्यावर कळतो.

आणि चाक उघडायची सूचना मला घाटाच्या आधीच मिळाली होती. आमची थोरली औंधच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकली. आज चाकणला सुट्या भागांच्या एका कारखान्यात तपासणी विभागात कंत्राटावर आहे. दिवसभर हातात व्हर्निअर आणि मायक्रोमीटर. निघायच्या आठवडाभर आधी गाडीत बसून ती कामावर गेली आणि संध्याकाळी म्हणाली, "पप्पा, ब्रेक मारला की गाडी जरा डावीकडे जातेय. रविवारी चाक काढून बघू."

मी म्हणालो, "तू कशाला? गॅरेजवाला बघेल. सात महिन्यांपूर्वीच तर पॅड टाकलेत."

गॅरेजवाल्याने पाहिलेही. त्याच्याकडच्या पोराने चाकाच्या भोकातून मोबाइलचा उजेड मारला आणि म्हणाला, "काका, पॅड भरपूर आहेत. जावा बिनधास्त." तो खोटे बोलला नाही. चाकाच्या भोकातून जो पॅड दिसतो तो बाहेरचा. तो खरोखरच भरपूर होता. आतला पॅड डिस्कच्या मागे असतो. तो बघायचा तर चाक काढावे लागते, आणि ते कोणी काढले नाही.

मुरबाडच्या मेकॅनिकने लग्नाच्या दिवशी, जेवणाच्या पंगती चालू असताना, आमच्यासाठी पॅड शोधून आणले आणि बसवून दिले. भला माणूस. मी फक्त एक शहाणपण केले. जुने चारही पॅड त्याच्याकडून मागून घेतले आणि कोणता कुठला ते त्यांच्या पाठीवर खडूने लिहून पिशवीत टाकले. उजवा आत, उजवा बाहेर, डावा आत, डावा बाहेर. जुना भाग टाकायचा नाही ही शेडमधली सवय.

घरी आल्यावर थोरलीने वर्तमानपत्र अंथरून त्यावर ते चार पॅड ओळीने मांडले. व्हर्निअर लावले. डाव्या चाकाचे दोन्ही पाच-पाच मिलिमीटर. उजव्याचा बाहेरचा सात. आणि उजव्याचा आतला, एका टोकाला दोन मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला नुसते लोखंड. नवा पॅड साधारण अकरा मिलिमीटरचा होता. तीन उरले की बदलावा असा नेम.

"हे बघा पप्पा," ती म्हणाली, "पॅड आपोआप सांगतोय काय झालंय ते. नवे पॅड टाकून उपयोग नाही. सात महिन्यांनी हेच होणार."

मग तिने मला समजावले. ज्याने सोळा वर्षे लायनर ठोकले त्याला! पण मला ड्रम ब्रेक ठाऊक, डिस्कचे आतले काम मी कधी हाताळले नव्हते. आपल्या वाचकांतही पुष्कळांच्या दारात आता अशी गाडी किंवा रोजीरोटीचा टेम्पो आहे, म्हणून तिने सांगितले तसे लिहितो.

चाकाबरोबर फिरणारी जी लोखंडी थाळी, ती डिस्क. तिच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड. या दोघांना कवेत घेणारा जो अवजड भाग, त्याला कॅलिपर म्हणतात. आता गंमत अशी की बहुतेक गाड्यांत ढकलणारा पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. बाहेरच्या बाजूला काहीच नसते. मग बाहेरचा पॅड कसा दाबला जातो? वेल्डरचा सी-क्लॅम्प आठवा. स्क्रू एकाच बाजूने आवळतो, पण पकड दोन्ही बाजूंनी बसते, कारण क्लॅम्प मोकळा असतो आणि स्वतः सरकतो. कॅलिपरही तसाच दोन गुळगुळीत पिनांवर सरकतो. पिस्टनने आतला पॅड डिस्कवर टेकवला की त्याच्या उलट जोराने अख्खा कॅलिपर मागे सरकतो आणि बाहेरच्या पॅडला ओढून घेतो. या दोन पिना जॅम झाल्या, की कॅलिपर सरकत नाही. आतला पॅड एकटा राबतो, एकटा घासतो. बाहेरचा नुसता उभा.

पॅड तिरका घासला असेल, एका टोकाला जाड आणि एका टोकाला पातळ, तर दोन पिनांपैकी एकच अडकलेली असण्याचा संभव जास्त. नाही तर पॅडचे कान ज्या खाचेत बसतात ती खाच गंजलेली. बाहेरचाच जास्त गेला असेल, तर कॅलिपर दाबला जातो पण मागे फिरत नाही. एका चाकाचे दोन्ही पॅड संपले आणि दुसऱ्याचे शाबूत, तर पिस्टन अडकला आहे का, किंवा रबरी नळी आतून फुगून बुजली आहे का ते पाहावे. आणि गाडी ज्या बाजूला ओढते, तिच्या उलट बाजूचा ब्रेक बहुधा कमी धरत असतो. आमची डावीकडे ओढत होती. थोरलीने आठवड्यापूर्वी तेवढ्यावरूनच उजव्या चाकावर बोट ठेवले होते, आणि मी ऐकले नव्हते.

काही पॅडना पत्र्याची एक जीभ असते. पॅड संपत आला की ती डिस्कला लागून चीं चीं करते आणि मालकाला जागे करते. आमच्या स्वस्तातल्या पॅडना ती नव्हती.

रविवारी सकाळी ओटा स्कीममधल्या आमच्या गल्लीत गाडी उभी केली. सपाट जागा बघून मागच्या चाकांना लाकडी गुटके लावले. नट आधी जमिनीवरच सैल केले, मग जॅक लावला, आणि जॅकवर विश्वास न ठेवता खाली लोखंडी स्टँड दिला. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालणारे पुष्कळ पाहिले आहेत. जॅक बसला तर हात जातो, नाही तर जीव.

गल्लीत बघे जमलेच. एक शेजारी म्हणाले, "साहेब, पोरीला कशाला राबवताय? ते काम तिचं हाय का?" थोरलीने मान वर न करता सांगितले, "काका, तो सतराचा पान्हा द्या जरा." त्यांनी दिला, आणि नंतर दुपारपर्यंत तिथेच उकिडवे बसून राहिले.

कॅलिपर सुटला. तो रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही, नळी आतून तुटते, म्हणून तारेने वर बांधला. वरची पिन बोटाने आतबाहेर होत होती. खालची जागची हलेना. गंज सोडवायचे तेल मारून अर्धा तास वाट पाहिली, मग पाइप पान्ह्याने पिळत पिळत ती निघाली. वाळून काळ्या पडलेल्या काकवीसारखे काहीतरी तिला चिकटले होते, आणि त्याखाली तांबडा गंज. पिनेवरचा रबरी बूट फुगून ढिला झालेला. कोणीतरी कधीतरी त्यात साधे पिवळे ग्रीस भरले होते. साध्या खनिज ग्रीसने तिथले रबर फुगते. रबर ढिले झाले की पावसाचे पाणी आणि चिखल आत जातो, आणि चाकण-तळेगावच्या रस्त्यांवर पावसाळ्यात चिखलाची काय कमतरता! एवढ्याशा बुटाने आठ माणसांचा घाट अडवला होता.

आणि इथे ती गोष्ट घडली, जिच्यासाठी खरे तर मी हे लिहायला बसलो.

कॅलिपरच्या कवेत काळी-करडी भुकटी साठली होती. मी वाकलो आणि नेहमीच्या सवयीने जोरात फुंकर मारणार, तोच थोरलीने माझ्या तोंडावर हात ठेवला. ग्रीसने भरलेला हात. "फुंकू नका, पप्पा!" मोठ्याने ओरडली ती. गल्ली गप्प झाली. मग हळू आवाजात म्हणाली, "ही धूळ फुंकायची नसते. ओल्या फडक्याने पुसायची. आम्हाला आयटीआयमध्ये पहिल्याच महिन्यात शिकवलं."

सोळा वर्षे मी ती धूळ फुंकली होती. शेडमध्ये जुने लायनर काढून नवे रिबेट मारायचे, ग्राइंडरवर गोलाई द्यायची आणि हवेच्या पाइपने भुकटी उडवायची. संध्याकाळी पापण्या पांढऱ्या व्हायच्या. डबा तिथेच उघडायचा. घरी गेलो की ही थोरलीच, चार-पाच वर्षांची, माझा शर्ट झटकायची. तिला तो खेळ वाटायचा. त्या काळात लायनर म्हटले की त्यात ॲसबेस्टॉस असायचेच. खडकातून निघणारा हा धागा न जळणारा, न झिजणारा. इंग्लंडात डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने उतारावरच्या घोडागाड्यांना ब्रेक म्हणून जुने बूट बांधलेले पाहिले आणि १८९७ साली ब्रेकचे ठोकळे करायला सुरुवात केली, असे सांगतात. पुढे मोटारी आल्या, तेव्हा त्याने त्यात ॲसबेस्टॉस आणले. त्याच्या फेरोडो या नावाचाच एक कारखाना मुंबईत घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो म्हणून होता. जगभर गाड्या थांबू लागल्या त्या या धाग्याच्या जोरावर. पण त्याची तुसे डोळ्यांना न दिसण्याइतकी बारीक असतात. ती छातीत गेली की बाहेर येत नाहीत आणि फुप्फुसाला आतून कडक करतात. आजार दिसायला वीस-तीस वर्षे लागतात.

माझ्या शेजारच्या ग्राइंडरवर एक जोडीदार होता. नाव लिहीत नाही, त्याची मुलेबाळे आहेत. शेड बंद पडल्यावर त्याला खोकला लागला. टीबी म्हणून औषधे झाली. दम इतका लागायचा की दोन जिने चढताना तो तीनदा बसायचा. २०११ साली गेला. ती धूळ होती की विडी होती, हे कोणी तपासले नाही. डॉक्टरांनी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही की हा माणूस काय काम करीत होता. आम्हाला त्यात सांगण्यासारखे काही आहे, हेच ठाऊक नव्हते.

आणि ठाऊक असायला हवे होते. कारण २७ जानेवारी १९९५ रोजी, म्हणजे आम्ही दोघे त्या शेडमध्ये ग्राइंडरवर उभे असतानाच, सर्वोच्च न्यायालयाने ॲसबेस्टॉस कामगारांविषयी निकाल दिला होता. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेने केलेला तो दावा. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षे, किंवा काम सुटल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत ठेवावी, असा आदेश दिला. चाळीस वर्षे का? आजारच तेवढा उशिरा डोके वर काढतो म्हणून. ईएसआय कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात हा आजार व्यवसायजन्य म्हणून नोंदलेला होता.

मी १९८७ साली कामाला लागलो. चाळीस वर्षे म्हणजे २०२७. माझी नोंद कुठे आहे? शेडच्या जागी आज दुसऱ्याच मालाचे गोदाम आहे. मालक कुठे गेला माहीत नाही. चौदा माणसांच्या शेडमध्ये कधी कोणाच्या छातीचा एक्स-रे निघाला नाही, तर नोंद काय सापडणार! निकाल दिल्लीत लागला. भोसरीच्या गल्लीत तो कोणी वाचून दाखवला नाही.

ब्रिटनने १९९९ साली, अमेरिकेने २०२४ साली पांढऱ्या ॲसबेस्टॉसवर बंदी आणली. आपल्याकडे त्याच्या वापरावर पूर्ण बंदी अजून नाही. नव्या गाड्यांना कंपनीतून येणारे पॅड आता बिनॲसबेस्टॉसचे असतात, पण जुन्या गाडीच्या चाकात कोणी कोणते पॅड घातले असतील, ते बघून ओळखता येत नाही. म्हणून फुंकायचेच नाही. झाडूने झाडायचेही नाही.

असो. त्या रविवारी मी ओले फडके घेतले आणि मुकाट्याने पुसत बसलो.

उजवी डिस्क बघितली तर तिच्यावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या चऱ्या पडलेल्या. डिस्कच्या अंगावर किमान जाडी कोरलेली असते. थोरलीने मायक्रोमीटर लावले, ती जाडी त्याखाली गेली होती. पुणे शहरात नाना पेठेत सुट्या भागांचा मोठा बाजार आहे, तिथे मी दुसऱ्या दिवशी गेलो. दोन्ही बाजूंच्या डिस्क, कारण एकच बदलायची नसते. पॅडचा नवा संच, कारण मुरबाडचे पॅड खराब डिस्कवर घासले होते. आणि पिन-बुटाचा संच. खर्च सात हजारांच्या पुढे गेला. त्यातला पिन-बुटाचा संच साडेचारशेचा! वेळीच चाक उघडले असते, तर त्या साडेचारशेतच भागले असते. सौ.ने हा हिशेब मला दोनदा ऐकवला. तिचे बरोबर होते.

पुढच्या रविवारी जोडणी. पिनेचे भोक बाटली धुवायच्या ब्रशसारख्या बारीक ब्रशने साफ केले. सिलिकॉनचे ग्रीस, तेही पातळ थर. जास्त भरले तर आत हवा कोंडते आणि पिन परत बाहेर येते. दोन पिना दिसायला सारख्या, पण एकीला टोकाशी रबर होते, ती मूळ जागीच बसवायची. पॅडच्या कानांची खाच तारेच्या ब्रशने घासली, पाणी मारत मारत. पिस्टन सी-क्लॅम्पने मागे दाबला, तो गुळगुळीत गेला, म्हणजे त्याचे दुखणे नव्हते. तो मागे दाबताना बॉनेटखालच्या डबीतले ब्रेक ऑइल वर चढते, तिकडे लक्ष ठेवावे. सांडले तर रंग जातो.

ते ऑइल चहाच्या रंगाचे झाले होते. हे ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट-३ प्रतीचे नवे ऑइल २०५ अंशांना उकळते, पाणी शोषलेले १४० अंशांनाच. घाटात ते उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल एकदम फरशीला टेकते. दोन वर्षांनी बदलायला पाहिजे असे म्हणतात. आम्ही गाडी घेतल्यापासून बदलले नव्हते. मग धाकटा आत बसला आणि थोरली चाकापाशी. "दाब... धर... सोडू नको... हां, सोड." असे चारही चाकांना तासभर चालले. दीड वर्षाचे पोर ओट्यावर बसून "दाब, सोड" ओरडत होते.

गाडी खाली घेतल्यावर हलवण्याआधी पेडल पंधरा-वीस वेळा मारून घट्ट करायचे असते. पिस्टन मागे दाबलेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. हे विसरून गल्लीतल्या भिंतीवर गेलेली एक गाडी आम्ही पाहिलेली आहे. नंतर तळवडेच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर जाऊन थोडा वेग घ्यायचा, हलकेच ब्रेक लावायचा, असे पंधरावीसदा केले, म्हणजे नवे पॅड डिस्कवर बसतात. गाडी सरळ थांबली. स्टिअरिंगवरचे हात सैल सोडून धाकट्याने थोरलीकडे बघितले, आणि त्या माळशेजनंतर पहिल्यांदा तो हसला.

त्याच महिन्यात थोरलीने मला छातीच्या फोटोला नेले. तिथे डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारले, "काय करता?" मी म्हणालो, "रिटायर." तिने मध्येच सांगितले, "सोळा वर्षे ब्रेक लायनरच्या ग्राइंडिंगवर होते. ॲसबेस्टॉस." डॉक्टरांनी मान वर केली आणि ते कागदावर लिहून घेतले. माझ्या कामाची कोणा डॉक्टरने केलेली ही पहिली नोंद, सदतीस वर्षांनी. फोटोत तूर्त काही नाही. दर वर्षी दाखवायला सांगितले आहे. जोडीदाराच्या बायकोकडेही मी जाऊन आलो. त्याचे जुने कागद तिने गोधडीच्या गाठोड्यात जपून ठेवले आहेत. ते घेऊन कुठे जायचे, याची चौकशी आता थोरली करते आहे.

नोव्हेंबरात, सहा महिन्यांनी, आम्ही चाक पुन्हा उघडले. पॅडची जाडी थोरलीने जुन्या डायरीत लिहिली. उजवा आत नऊ, उजवा बाहेर सव्वानऊ. डावा आत नऊ, बाहेर नऊ. पिना बोटाने सरकत होत्या. ते पान्हा देणारे शेजारी या वेळी स्वतःचा टेम्पो घेऊन आले होते. "माझं पण एकदा बघ ना, ताई," ते थोरलीला म्हणाले, आणि ती काही बोलायच्या आत घरात जाऊन बादली आणि ओले फडके घेऊन आले.